तुमची पासकी नेमकी कोणाकडे आहे?

प्रश्न थोडक्यात: डिचोली तालुक्यातल्या एक वाचक लिहितात. वय ६१, शाळेतून निवृत्त. यजमानांसोबत जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. बोटीवर नोकरीला असलेला भाचा गेल्या चवथीला रजेवर आला होता. त्याने लॅपटॉपवर पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सांभाळणारं ॲप) घालून दिला, क्रोममध्ये त्याचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पुरवणी) जोडलं आणि मेल, बुकिंगची साइट व आणखी दोन-तीन खात्यांना पासकी (पासवर्डऐवजी बोट, चेहरा किंवा पिनने वापरायची डिजिटल किल्ली) करून दिल्या. सगळं सुरळीत चालू होतं. मे महिन्यात लॅपटॉप बंद पडला, म्हापशाला दुरुस्तीला दिला, तो नवीन विंडोज घालून परत आला. एक्स्टेन्शन पुन्हा जोडलं. आता बुकिंगचं खातं पासकीने उघडतं, मेल मात्र उघडत नाही. एक्स्टेन्शनची खिडकी येतच नाही. विंडोजचा चौकोन येतो आणि सिक्युरिटी की (लॅपटॉपला लावायची छोटी किल्ली) लावा किंवा फोनने क्यूआर कोड स्कॅन करा असं सांगतो. फोनवरचं मेल अजून चालू आहे. यजमान म्हणतात, बोटाचा ठसा कंपनीला देऊन बसलीस, काढून टाक ते सगळं. भाचा म्हणतो, मास्टर पासवर्ड (मॅनेजर उघडायचा मुख्य पासवर्ड) व्हॉट्सॲपवर पाठव, मी बघतो. "एक्स्टेन्शन काढून परत घालू, की पासकी सोडून जुना पासवर्डच बरा? या वयात हे माझ्याने होणार नाही असं वाटायला लागलंय."

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं निवांत वाचा. फोनवरचं मेल चालू आहे ना? तिथून साइन-आउट करू नका. फोन रीसेट करू नका, मेलचं ॲप काढून पुन्हा घालू नका, कोणी कितीही सांगो. सध्या तुमच्या मेलला तेवढं एकच दार उघडं आहे आणि पुढच्या कामात त्याच दाराचा आधार लागणार आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. "बुकिंगचं खातं उघडतं, मेल उघडत नाही." तुम्ही हे ओघात लिहून गेलात, पण निदान तिथेच आहे. एक्स्टेन्शन बिघडलं असतं तर दोन्ही खाती अडली असती. तुम्ही काही चुकीचं दाबत असता तरी दोन्ही अडली असती. एक नीट उघडतं याचा अर्थ एक्स्टेन्शन धड आहे आणि तुमचा हातही धड आहे. मेलची पासकी बहुतेक त्या मॅनेजरमध्ये कधी गेलीच नव्हती.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण असं झालेल्या तुम्ही एकट्या नाहीत. प्रत्येक खात्याची पासकी वेगळी असते आणि ती दोन तुकड्यांची असते. एक तुकडा साइटकडे राहतो, तो उघड झाला तरी बिघडत नाही. दुसरा गुप्त तुकडा तुमच्याकडे राहतो. साइन-इन करताना साइट दर वेळी एक नवीन कोडं पाठवते, गुप्त तुकडा त्यावर सही करून देतो आणि साइट आपल्याकडच्या तुकड्याशी ती सही ताडून पाहते. गुप्त तुकडा साइटकडे कधीच जात नाही. म्हणून साइटवर चोरी झाली तरी तुमची पासकी चोराच्या हाती लागत नाही. यामागचं वेबऑथन नावाचं तंत्र २०१९ साली मानक म्हणून मान्य झालं. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते सगळ्या उपकरणांवर आणायचं जाहीर केलं, तेव्हापासून पासकी हे नाव आपल्या कानावर यायला लागलं.

यजमानांना इथेच सांगून टाका, बोटाचा ठसा कुठल्याही कंपनीकडे गेलेला नाही. ठसा फक्त तुमच्या फोनला किंवा लॅपटॉपला "ही आमचीच माणसं" एवढं पटवतो. ते पटलं की उपकरण पासकी वापरू देतं. साइटला ठसा दिसतही नाही. त्यांची काळजी चुकीच्या जागी आहे, पण काळजी करणारं माणूस घरात आहे हे बरंच आहे.

तर मुद्दा असा की तो गुप्त तुकडा कोणी सांभाळायचा, यासाठी तुमच्या लॅपटॉपवर एकाहून अधिक दावेदार आहेत. मॅनेजरचं एक्स्टेन्शन एक, क्रोमचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर दुसरा, विंडोज तिसरा, आणि हवं तर फोन चौथा. पासकी करताना पडद्यावर काय होतं ते आठवून पाहा. तुम्ही "पासकी तयार करा" दाबता. एक्स्टेन्शन जागं असेल तर बहुधा उजव्या कोपऱ्यात वर एक छोटी खिडकी येते, तिच्यावर मॅनेजरचं नाव असतं आणि "जतन करू का?" असं विचारलेलं असतं. एक्स्टेन्शन लॉक असेल, किंवा ती खिडकी कोणी घाईत बंद केली, तर पडद्याच्या मधोमध विंडोजचा दुसरा चौकोन येतो. तो चेहरा, बोट किंवा पिन मागतो. पिन टाकला की झालं, पासकी तयार. दोन्ही वेळा शेवटी "यशस्वी" असंच दिसतं. पण पहिल्या वेळी पासकी मॅनेजरच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे लॅपटॉपबाहेर ऑनलाइनही राहणाऱ्या त्याच्या तिजोरीत, गेलेली असते आणि दुसऱ्या वेळी त्याच लॅपटॉपच्या आत.

चवथीचं घर म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. माटोळी बांधायची राहिलेली, भाच्याला परतीच्या बोटीची तारीख दिसत असलेली. एका खात्याला वरची खिडकी आली, एकाला मधला चौकोन आला, त्याने जे समोर आलं ते दाबलं. यात त्याचाही दोष नाही, चौकोन स्वतः ओरडून सांगत नाही की मी वेगळा आहे म्हणून. मग मे महिन्यात दुकानदाराने नवीन विंडोज घातलं तेव्हा लॅपटॉपच्या आत ठेवलेली मेलची पासकी पुसली गेली. बुकिंगची व्हॉल्टमध्ये होती, ती तुम्ही मास्टर पासवर्ड टाकताच परत आली.

हा माझा अंदाज, तो तपासून घ्या. एक्स्टेन्शनवर क्लिक करून व्हॉल्ट उघडा, शोधाच्या जागी मेल पुरवणाऱ्या साइटचं नाव टाका. नोंद उघडली की युजरनेम आणि पासवर्डच्या खाली "पासकी" अशी ओळ दिसते का पाहा, तिच्याशेजारी तयार केल्याची तारीखही असू शकते. बुकिंगच्या नोंदीत ती ओळ दिसेल. मेलच्या नोंदीत नसेल तर माझा अंदाज बरोबर.

तसं असेल तर एक्स्टेन्शन काढून परत घालण्यात काहीच अर्थ नाही. जी वस्तू त्या डब्यात नव्हती ती डबा घासून मिळणार नाही. उलट मास्टर पासवर्ड नीट आठवत नसताना कोणी एक्स्टेन्शन काढलं तर आज उघडणारं बुकिंगचं खातंही अडकायचं.

मग करायचं काय? लॅपटॉपवर मेलच्या साइन-इन पानावर जा. विंडोजचा चौकोन आला की रद्द करा. खाली "दुसरा मार्ग वापरा" अशा अर्थाचं काहीतरी असतं, ते दाबा. जुना पासवर्ड टाका, आणि फोनवर "हे तुम्हीच आहात का?" असं विचारणारी सूचना आली तर, आत्ता तुम्ही स्वतः साइन-इन करत आहात म्हणूनच, "हो" म्हणा. आत गेलात की खात्याच्या सुरक्षा विभागात पासकीची यादी असते ती उघडा. त्या यादीत जुनी, विंडोजच्या नावाची पासकी अजून दिमाखात बसलेली दिसेल. साइटकडे तिचा अर्धा तुकडा आहे, तुमच्याकडचा गेला आहे, आणि साइटला ते कळायला मार्ग नाही. म्हणून ती बिचारी रोज तीच मागते.

तिला लगेच हात लावू नका. आधी एक्स्टेन्शन अनलॉक करा, मग नवीन पासकी तयार करा, आणि या वेळी नजर उजव्या कोपऱ्यावर ठेवा. मॅनेजरची खिडकी आली तर तिथे जतन करा. मधला चौकोन आला तर घाबरून पिन टाकू नका, रद्द करा, पान रिफ्रेश करा, पुन्हा करा. झाल्यावर व्हॉल्टमध्ये मेलच्या नोंदीत "पासकी" ओळ आली का पाहा. मग लॅपटॉपवर साइन-आउट करून पुन्हा आत जाऊन बघा, फोनवर तोवर सुरूच ठेवा. हे जमलं की मगच यादीतली जुनी, मेलेली पासकी काढून टाका. बाकीच्या दोन-तीन खात्यांचीही अशीच एकेक नोंद पाहून घ्या, एका बैठकीत नको, रोज एक.

त्या क्यूआर कोडबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण मी स्वतः त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मागच्या पावसात फोंड्याला मामांकडे गेले होते. सोप्यावर पाट मांडून त्यावर लॅपटॉप ठेवला होता, मामा फोन दोन्ही हातांत धरून कोडवर रोखायचे, फोन "जोडत आहे" म्हणायचा, गोल गोल फिरायचा आणि सोडून द्यायचा. चार वेळा. वाय-फाय उत्तम, कॅमेरा स्वच्छ. शेवटी लक्षात आलं, लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद होतं. ते सुरू केलं आणि पाचव्या खेपेला काही सेकंदांत काम झालं. या कोडच्या मार्गाला दोन्हीकडे इंटरनेट लागतं आणि दोन्हीकडे ब्लूटूथही लागतं. फोन आणि लॅपटॉप पेअर करावे लागत नाहीत, ब्लूटूथने फक्त एवढंच पाहिलं जातं की फोन खरोखर लॅपटॉपच्या जवळ आहे. दूर बसलेल्या कुणा भामट्याने आपल्या पडद्यावरचा कोड तुम्हाला पाठवून स्कॅन करायला लावला तर ते चालू नये, म्हणून ही अट. अर्थात फोनवर त्या खात्याची पासकी असेल तरच हा मार्ग उपयोगी. नसेल तर ब्लूटूथ लावूनही फोन नाहीच म्हणणार.

काही वाचकांची गोष्ट तुमच्या उलट असते. व्हॉल्टमध्ये "पासकी" ओळ दिसते, तरीही खिडकी येत नाही. त्यांच्यासाठी थोडं. साइटने पासकी मागितली की एक्स्टेन्शन मध्येच ती मागणी ऐकतं आणि "माझ्याकडे आहे" म्हणून पुढे येतं. त्याला ऐकूच आलं नाही तर ब्राउझर आणि विंडोज उत्तर देतात, आणि तो ओळखीचा चौकोन येतो. ऐकू न येण्याची कारणं साधी असतात. एक्स्टेन्शन घातलं किंवा अपडेट झालं तेव्हा ते पान आधीपासून उघडं होतं: पान रिफ्रेश करा, नाहीतर क्रोम बंद करून उघडा. खिडकी इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणारी खासगी खिडकी) आहे: तिथे एक्स्टेन्शनला आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ते चालत नाही. क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर साइट वाचायची परवानगी "क्लिक केल्यावरच" अशी ठेवली गेली आहे: ती "सगळ्या साइटवर" करा. मॅनेजरच्या सेटिंगमध्ये पासकी विचारण्याचा पर्याय बंद आहे, किंवा कधीतरी "या साइटवर विचारू नको" दाबलं गेलं आणि ती साइट वगळलेल्यांच्या यादीत जाऊन बसली. आणि दोन वेगवेगळ्या मॅनेजरांची एक्स्टेन्शनं एकाच वेळी सुरू असतील तर एक बंद करा, दोघंही एकच मागणी पकडायला धावतात.

दुकानदाराला मात्र एक विचारा, विंडोज कुठलं घातलं? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप पेलत असेल तर ११ घालून घ्या. त्यात नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक सोय आली आहे: बिटवॉर्डन, वनपासवर्ड यांसारख्या मॅनेजरचं लॅपटॉपवरचं ॲप विंडोजच्या पासकी सेटिंगमध्ये निवडून ठेवता येतं. मग मधला चौकोन आला तरी पासकी मॅनेजरमध्ये ठेवता येते.

मॅनेजरची खिडकी न येण्याच्या कारणांपैकी एक मी मुद्दाम मागे ठेवलं. पासकी ज्या साइटवर केली त्याच साइटच्या पत्त्यावर चालते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी मॅनेजर गप्प बसतो. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना "पाहुण्याने तक्रार केली आहे, लगेच लॉगिन करा" असे मेल येतात, आणि त्यातली लिंक हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेते. ताई, अशा पानावर तुमची पासकी आली नाही तर ते बिघडलेलं नाही. तिथे ती येता कामा नये. तेव्हा मेलमधली लिंक सोडून बुकिंगची साइट स्वतः टाइप करून उघडा. आणि यातलं काहीही अडलं तर कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात, पलीकडचा गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप घालायला लावतो आणि ओटीपी काढून घेतो. चुकून पैसे गेलेच तर तासाभरातसुद्धा उशीर होतो, ताबडतोब १९३० ला फोन करा.

आता तुमचा मूळ प्रश्न: जुना पासवर्डच बरा का? तुम्ही लिहिलंय की पूर्वी सगळीकडे घराचं नाव आणि लग्नाचं वर्ष असा एकच पासवर्ड होता. तो लक्षात राहायचा, हे खरं. पण एका कुठल्या तरी फुटकळ साइटवरून तो बाहेर गेला की मेल उघडतं, आणि मेल उघडलं की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात. ओटीपीची जोड आहे म्हणाल, तर तुमच्याच पत्रात आहे की जून-जुलैत वीज गेली की रेंजही जाते आणि ओटीपी पोचत नाही. पासकीला ओटीपीची वाट पाहावी लागत नाही. फक्त फोनवर पासकी ठेवणं हाही एक पर्याय, सोपा आहे, पण फोन पावसात भिजला तर? माझं मत स्पष्ट आहे: पासकी सोडू नका, मात्र मेलसारख्या मुख्य खात्याला दोन ठेवा. एक मॅनेजरमध्ये, एक फोनमध्ये. शिवाय साइटने दिलेले रिकव्हरी कोड (बाकी सगळं अडलं तर आत शिरायचे आकडे) कागदावर उतरवून ठेवा. आणि मेलचा पासवर्ड, जो अजून त्या खात्याला आहेच, तो बदलून मॅनेजरकडून लांबलचक घ्या. हे शेवटचं पुष्कळ लोक विसरतात. समोर पासकीचं भक्कम दार, आणि मागे परसाकडचं जुन्या कडीचं दार तसंच.

भाच्याबद्दल. मुलगा मायेने म्हणतोय, तरी मास्टर पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो संदेश त्याच्या फोनवर राहील, तुमच्याही राहील, आणि त्या एका शब्दामागे तुमची सगळी खाती आहेत. तसंही त्याच्या हाती मास्टर पासवर्ड आला तरी मेलची पासकी त्याला सापडणार नाही, कारण ती व्हॉल्टमध्ये नाही. मास्टर पासवर्ड कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा आणि दागिने ठेवता त्या कपाटात ठेवा. यजमानांना जागा माहीत असू द्या. वहीत पासवर्ड लिहायचे नसतात हे आपण इतके वेळा ऐकलंय की असं करायला संकोच वाटतो, पण तुमच्या कपाटापर्यंत पोचणारा चोर आणि बनावट पान उघडून बसलेला चोर हे दोन वेगळे लोक आहेत. तुम्हाला धोका दुसऱ्याकडून जास्त आहे.

आणि वयाचं. तुम्ही ३० वर्षं वर्ग सांभाळलात. मूल एका प्रकारचं गणित सोडवतं आणि दुसऱ्या प्रकारात अडतं, तेव्हा त्याला गणित येत नाही असं तुम्ही म्हणाला नसाल. अडतं नेमकं कुठे ते शोधलं असेल. पत्रात तुम्ही तेच केलंत. कुठलं खातं उघडतं, कुठलं नाही, पडद्यावर कोणते शब्द येतात, फोनवर काय चालतं. मला पत्र लिहिणारे पन्नाशीच्या आतले कितीतरी जण फक्त "लॉगिन होत नाही" एवढंच लिहितात. तुमच्या पत्रावरून इथे बसून निदान करता आलं ते त्या चार तपशिलांमुळे.

भाच्याचा पुढचा फोन येईल तेव्हा त्याला एकच विचारा: पासकी करताना तू कुठल्या खात्याला माझ्याच व्हॉल्टमध्ये होतास आणि चुकून कुठे तुझ्या स्वतःच्या मॅनेजरमध्ये साइन-इन होतास का? चवथीच्या गडबडीत असंही होतं. एखाद्या खात्याची पासकी त्याच्याकडे निघाली, तर ती त्याच्याकडून मागवू नका, तुमच्या व्हॉल्टमध्ये नवीन करा आणि त्याची यादीतून काढा. लॅपटॉप पुन्हा कधी दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर देण्याआधी प्रत्येक खात्याची पासकी यादी उघडून पाहा, जिच्यापुढे विंडोजचं नाव असेल त्या खात्याची आणखी एक नवीन पासकी व्हॉल्टमध्ये करून मगच म्हापशाची बस पकडा.